वरच्या आभाळाचे शहारे

एका जंगलात, बाळांनो, वरचं आभाळ मोजायचं एक सरकारी खातं होतं. खात्यात घार एकच, गोदाक्का. ती रोज ढगांच्याही वर जाई आणि अंगावर किती शहारे आले ते दरबारात येऊन सांगे. शहारे जास्त, म्हणजे थंडी जास्त.

आयुष्यभर मोजून तिला एवढंच कळलं होतं, की वरचं आभाळ वर्षागणिक गार होतंय आणि खाली जंगल तापतंय.

"महाराज, गोधडीच्या आत घाम फुटतो अन् बाहेर गारठा पडतो, तसं झालंय," ती म्हणे. "कोळशाच्या भट्ट्या आवरा. धुराची गोधडी जाड होतेय."

भट्ट्या सिंहमहाराजांच्या मेहुण्याच्या होत्या. महाराज जांभई देत.

गोदाक्का म्हातारी झाली. खात्याची रीत अशी, की जुन्या आणि नव्या घारीने एक अख्खा हिवाळा जोडीने उडायचं. कुणाची पिसं विरळ, कुणाची दाट. एकाच थंडीत दोघींना शहारे वेगळे. तो फरक कळला, की मागचं पुढच्याला नीट जोडता येई.

साळिंदर प्रधान म्हणाले, "एका आभाळाला दोन घारी कशाला? अक्कांना शाल-श्रीफळ द्या आणि घरी बसवा."

"प्रधानजी, धागा तुटेल हो!" गोदाक्का काकुळतीला आली. "माझा सगळा जन्म वाया जाईल. एकदा तरी तिच्यासोबत उडू द्या."

"निवृत्तांना ढगांवर मज्जाव आहे," प्रधान म्हणाले आणि त्यांनी तिच्या अंगावर शाल पांघरली.

नवी घार रेवती तरणीताठी, दाट पिसांची. ती वर जाऊन आली आणि खरं तेच बोलली, "चारच शहारे आले."

आदल्या दिवशी गोदाक्काला अकरा आले होते. दरबारात टाळ्यांचा कडकडाट झाला. महाराजांच्या कृपेने वरचं आभाळ एका रात्रीत सुधारलं होतं! मेहुण्याने त्या आनंदात आणखी भट्ट्या पेटवल्या.

रेवती गोदाक्काच्या झाडावर आली. "अक्का, मी खोटं नाही बोलले."

"नाही गं पोरी. तूही नाही अन् मीही नाही. म्हणून तर रडू येतंय."

फांदी पायांना चटके देत होती. गोदाक्काला घाम फुटला होता. पण शाल सरकारी मानाची, ती काढायची सोय नव्हती.

तात्पर्य : आभाळ सुधारायला पिढ्या लागतात, घार बदलायला एक सत्कार पुरतो. तेव्हा बाळांनो, शहाण्याने सत्कार करावा.