तीनशे काय?

"बाई, तुमच्या यंत्रानं सकाळपासून बावीस जणांच्या पाठींचे फोटो काढलेत!" परवाना कचेरीतला कारकून फोनवर ओरडत होता. "तेविसावे आमचे मोठे साहेब. त्यांची तर नुसती कंबर आलीय!"

बाईंनी कपाळाला हात लावला. पडद्याआड बसून आपला आपण फोटो काढायचं ते यंत्र अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्यांच्या कंपनीनं बनवलं होतं. कॅमेऱ्याला कामाला लावणारा त्यातला सगळ्यात तळाचा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, बाईंनीच लिहिलेला. तेव्हा सासूबाई चारचौघांत कौतुकानं सांगायच्या, "आमची सून ड्रायव्हरचं काम करते." आणि ऐकणारे विचारायचे, "ट्रकवर का?"

गेल्या आठवड्यात यंत्रातला जुना बोर्ड कायमचा झोपला, म्हणून नवा बसवला होता. प्रोग्रॅम मात्र तोच. बाईंनी तो उघडला. माणूस पडद्याआत येतो, कॅमेऱ्याखालचं बटण दाबतो, वळून मागच्या स्टुलावर बसतो, स्टुलाखालची कळ दबते, फोटो निघतो. कळ दबलीच नाही, तर किती वाट पाहून फोटो उरकून टाकायचा, तिथं लिहिलं होतं: ३००. शेजारी टीप: 'पुरेसं आहे.'

"तीनशे काय?" मॅनेजरनं डोकावून विचारलं. "सेकंद? मिलिसेकंद?"

"लिहिलंय मीच. पण आठवेल तर शपथ."

"मॅडम, आजच्या आज सुधारलं नाही, तर ते लोक यंत्र उचलून रस्त्यावर ठेवणार आहेत. पाठ येतेय म्हणजे वेळ कमी पडतोय. तीनशे सेकंद करून टाका आणि मोकळ्या व्हा!"

बाईंना काही ते पटलं नाही, पण घाई वाईट. त्यांनी केलं.

दुपारी पुन्हा फोन. आता कारकून कुजबुजत होता. "एक आजीबाई आत बसल्यात. अंगानं अगदी चिपाड, कळ दबतच नाहीये. समोर 'हलू नका' असं आलंय, म्हणून त्या हसरा चेहरा धरून बसल्यात. चार मिनिटं झाली, बाई! रांगेतले लोक विचारताहेत, आहेत की गेल्या?"

संध्याकाळी बाई तडक कंपनीतल्या त्यांच्या जुन्या साहेबांच्या घरी गेल्या; यंत्राचा जुना बोर्ड त्यांनीच बनवला होता. साहेबांना निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती. गॅलरीत एक रेडिओ उघडा टाकून ते त्यात डोकं घालून बसले होते.

"साहेब, तीनशे काय?"

"ठोके," मान वर न करता साहेब म्हणाले. "जुन्या बोर्डाचं घड्याळ सेकंदाला शंभर ठोके द्यायचं. म्हणजे तीन सेकंद. नव्याचं किती?"

"हजार."

"मग काय! अर्ध्या सेकंदाच्या आत माणूस नुसता वळेल. बसणार कधी?"

"मग तेव्हा ठोके असं लिहिलं का नाही आपण?"

"लिहायचं कशाला? मी तुझ्या समोरच्याच टेबलावर तर होतो. मान वर केली की विचारता यायचं."

दोन टेबलं, एकच पंखा आणि तारांना डाग देताना उठणारा धूर, सगळं बाईंच्या डोळ्यांपुढे आलं.

"आणि ती मुदत ठेवली कुणामुळे?" साहेब हसले. "तुझ्यामुळे! इतकी काडी होतीस, की बसलीस तरी कळ दबायची नाही. मी घड्याळ धरून तुला सदतीस वेळा ऊठबस करायला लावली. शेवटी रडलीस."

"रडले नव्हते. पाय दुखत होते."

सकाळी बाईंनी प्रोग्रॅममध्ये स्वच्छ लिहिलं: बसण्याची मुदत, मिलिसेकंदांत, ३०००. तपासणीला साहेबही हट्टानं कचेरीत आले. आधी बाई बसल्या. कळ खट्‌कन दबली.

"आता दबते हो!" साहेब म्हणाले. बाईंनी ऐकू न आल्यासारखं केलं.

मग साहेबांनी बटण दाबलं. एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर. "थांब, थांब," ते यंत्राला म्हणाले. ते कसलं थांबतंय! साहेब कलले, बाई पडदा सारून धावल्या आणि लख्ख उजेड पडला.

फोटोत साहेब अर्धे वाकलेले, तोंड उघडं. त्यांच्या कोपराखाली बाईंचा हात आणि कडेला बाईंचा घाबरलेला अर्धा चेहरा.

"तीन म्हणजे तीनच सेकंद, चोख," साहेब म्हणाले. "माणूस तेवढा जुना झाला."

बाईंनी तिथंच लॅपटॉप उघडून तीन हजारांचे आठ हजार केले आणि शेजारी टीप लिहिली: 'मिलिसेकंद. गुडघेदुखी धरून.'

"बसा आता सावकाश. चांगला काढू."

"नको," फोटो खिशात ठेवत साहेब म्हणाले. "हाच राहू दे. इतकी वर्षं एकत्र काम केलं, पण आपल्या दोघांचा फोटो कुणी काढलाच नव्हता."