दूरचं पाय

गोंदियाजवळ कुडव्यात राहायला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी समोरच्या गच्चीवरून एक म्हातारे गृहस्थ माझ्यावर ओरडले, “ओ बाई, दूरचं पाय! दूरचं पाय वो!”

मी घाबरून माझे पाय पाहिले. दोन्ही जवळच होते.

मी साताऱ्याची. नवऱ्याची बदली गोंदियाला झाली म्हणून इकडे आलेली. इकडे ‘पाय’ म्हणजे ‘पाहा’, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी खिडकीशी बसून लॅपटॉपवर विम्याची कागदपत्रं तपासत होते आणि हे गृहस्थ गल्लीच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांकडे, म्हणजे भातखाचरांकडे, हात करत होते. तिकडे आग लागली की काय म्हणून मी उठून पाहिलं, तर नुसतं हिरवंगार धान. माझी नजर तिथे पोचलेली पाहून ते समाधानाने म्हणाले, “हां. आता बस खाली.” आणि निघून गेले. थोड्या वेळाने परत आले आणि परत ओरडले.

हे बिसेन काका. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. सगळी नोकरी गोंदियापासून सालेकसा, दरेकसा या जंगलातल्या रस्त्यांवर गेली. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा अमोल हैदराबादला कॉम्प्युटरवर काम करतो. घरात काका एकटे, आणि गल्लीतल्या यच्चयावत माणसांच्या डोळ्यांची काळजी.

त्यांचं सगळं नेत्रशास्त्र एसटीच्या स्टेअरिंगमागून आलेलं होतं. “बोनेटकडे पाहून गाडी चालवनारा नालीत जाते,” हा पहिला नियम. स्क्रीन म्हणजे बोनेट. त्याच्याकडे सारखं पाहायचं नाही, अधूनमधून नजर दूर सोडायची. पापण्या मिटणं म्हणजे वायपर. “काच सुकली का दिसत नाई. वायपर मार ना वो!” उजेड कमी करणं म्हणजे डिप्पर देणं. आणि स्क्रीनपासून हातभर लांब बसायचं, कारण “समोरच्या गाडीच्या ढुंगनाले चिकटून कोनी चालवते काय?”

एकदा ते माझं टेबलच फिरवायला घरात आले. माझी खिडकी पाठीमागे होती आणि तिचा उजेड स्क्रीनवर पडत होता. “मांगच्या गाडीचा लाईट आरशात घेऊन काऊन बसली तू? डोकं नाई दुखत?” डोकं दुखत होतं. रोज दुखत होतं आणि मी ते इथल्या उन्हाच्या माथी मारत होते. काकांनी टेबल आडवं केलं, खिडकी बाजूला आली, आणि चहा पिऊन गेले. डोकं दुखायचं थांबलं ते मी बरेच दिवस त्यांना सांगितलं नाही. आधीच माणूस ऐकत नाही, त्यात शाबासकी कशाला?

या वायपरपायी ते एकदा मार खाता खाता वाचले. आधार कार्डावरचा माझा पत्ता बदलायला काका मला ऑनलाइनच्या केंद्रात घेऊन गेले होते. कॉम्प्युटरवरचा माणूस टक लावून बसलेला. काका रांगेतूनच त्याला “वायपर मार गा, वायपर!” म्हणत आपले डोळे उघडझाप करून दाखवू लागले. तो मेला मान वर करेना. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी मात्र ते सगळं नीट पाहिलं आणि चपलेला हात घातला.

“अंकल, आँख मार रहे हो? इस उमर में?”

“एक मारी क्या?” काका उसळले. “दोनों मारी! एक मारता तो बदमाशी. दोनों मारे तो वायपर!”

सगळं केंद्र खदखदून हसलं. कॉम्प्युटरवाल्यानेही शेवटी मान वर केली. काकांनी ताबडतोब मला कोपराने ढोसलं. “पाय, पाह्यलं ना त्यानं वर!” चप्पल पडली असती तरी त्यांना चाललं असतं.

मला वाटायचं, वेळ जात नाही म्हणून चाललंय हे. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. मग एका संध्याकाळी त्यांनी मला त्यांच्या गच्चीवर नेलं आणि खाली गल्ली दाखवली. ओट्यावर, दारात, दुकानाच्या फळीवर माणसंच माणसं, आणि एकूण एक माना खाली मोबाईलमध्ये.

“बसमध्ये मले आरशात सारे दिसत,” काका म्हणाले. “कोन झोपून राहिला, कोन भांडून राहिला. अन् त्यायलेही मी दिसो. ‘डायवर साहेब, थांबवा जरा’ म्हनत. आता मी सारं पाहून राहिलो, अन् मले कोनी पाहून नाई राहिलं.”

मी हसून विषय बदलला. 

अमोलचं नाव निघालं की मात्र ते ओरडत नसत. अमोलच्या चष्म्याचा नंबर सारखा वाढत होता. डोळे लाल, डोकेदुखी, झोप नाही. काका फोनवर सांगू लागले की तो “हो बाबूजी, ठेवतो बाबूजी” म्हणून ठेवून देई. ज्याला सांगायचं तो ऐकत नव्हता, म्हणून ते आम्हा सगळ्यांना सांगत होते, एवढं माझ्या हळूहळू लक्षात आलं. त्यांचं मागणं फार मोठं नव्हतं. पोरानं थोडे दिवस घरी यावं, हिरवं पाहावं, आणि जमलं तर बापाकडेही पाहावं.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. (‘आमच्याकडे’ म्हणायला लागले बघा मी.) त्या मंडईला अमोल आला. काकांनी चौकातल्या हलवायापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जीप ठरवली आणि आम्हा नवराबायकोलाही ओढून थेट दरेकशाला नेलं. “त्या घाटातून जेवढं दूर दिसते तेवढं जिल्ह्यात कुठी नाई दिसत,” असं ते सांगत होते. खरं कारण मला जीपमध्ये हळूच कानात सांगितलं. “तिथं टावर नाई लागत.”

टॉवर खरंच लागला नाही. घाटात उतरून काकांनी हात पसरला. डोंगरामागे डोंगर, मधे निळसर धुकं, खाली रेल्वेचा रूळ. “पाय अमोल, दूरचं पाय!” अमोल डोंगराकडे पाठ करून, मोबाईल डोक्यावर धरून, टॉवर शोधत इकडेतिकडे फिरत होता. त्याची कुठलीशी महत्त्वाची मीटिंग होती. पोरगा वाईट नव्हता हो. चेहरा पार ओढलेला, डोळे गुंजेसारखे लाल. “ताई, पंधरा जणांचं काम अडलंय माझ्यामुळे,” तो मला काकुळतीने म्हणाला. शेवटी काकाच म्हणाले, “चला, वापस चला.” डबेसुद्धा परतीच्या वाटेवर जीपमध्येच उघडले. अमोल ठरल्याच्या आधीच हैदराबादला गेला. निघताना मला म्हणाला, “बाबूजींवर जरा लक्ष ठेवा.”

त्यानंतर समोरची गच्ची गप्प झाली. मी लॅपटॉपवरून मान वर करायची आणि समोर कोणी नसायचं. इतके दिवस ज्या ओरडण्याला मी कंटाळले होते त्याची मी वाट पाहायला लागले, आणि त्याचा मला रागही येत होता.

उन्हाळा लागला. एका रविवारी सकाळी मी थालीपीठ घेऊन त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. काका इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून, टेबलाशी ताठ बसले होते. समोर तांब्याला टेकवून मोबाईल उभा. व्हिडिओ कॉल चालू होता. स्क्रीनवर अमोल काहीतरी खात होता, मधेच बाजूला बघून काहीतरी टाइप करत होता. काका त्याला धानाचा भाव सांगत होते, गल्लीत कोणाचं लग्न ठरलं ते सांगत होते. पण पाहत मात्र त्याच्याकडे नव्हते. त्यांची नजर मोबाईलच्या वरच्या कडेला खिळली होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी ती हलत नव्हती.

मला वाटलं, काकांना दिसेनासं झालं. कॉल संपेपर्यंत मी दारातच उभी राहिले. संपल्यावर विचारलं, “काका, डोळ्यांना काय झालं?”

“काई नाई. तानून धरले ना म्हनून पानी आलं.” त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मग बोटाने मोबाईलच्या वरचा कॅमेऱ्याचा काळा ठिपका दाखवला. “अमोल एक दिवस म्हने, ‘बाबूजी, तुम्ही बोलताना खाली काऊन पाहता? मंडईपासून नाराज आहात का माझ्यावर?’ मी त त्याच्या तोंडाकडेच पाहून राहिलो होतो वो! पन त्याले तिकडं मी खाली पाहून राहिलो असाच दिसे. मंग मोबाईलच्या दुकानदारानं सांगतलं का, या टिकलीत पाहा, म्हनजे त्याले वाटन बाप माह्याकडेच पाहून राहिला.”

“म्हणजे कॉलभर तुम्ही नुसतं या ठिपक्याकडे बघता?”

“हाव.”

“आणि अमोल? तो तुम्हाला दिसतच नाही?”

“त्याले मी दिसतो ना. नाराज नाई, हे दिसते.”

मी ताट टेबलावर ठेवलं. उगाच विचारलं, “तब्येत कशी आहे त्याची आता?”

काकांनी मोबाईल खिशात टाकला.

“बारीक झाला असन,” ते म्हणाले. “आवाजावरून वाटते.”