मानाच्या दांड्याची फत्ते

चिरंजीवांनी पुसले की, पोलादाचा आणि गंजाचा संग्राम कैसा जाहला, तरी तो झाला तैसा सांगतो.

गंज हा गनीम मोठा चिवट, खारे पाणी त्याची फौज, आणि पंपाचा पोलादी दांडा तो दरसाल कुरतडून टाकी. सबब कारखान्यात लेसरचे यंत्र आणविले. ते धातूची भुकटी प्रकाशाच्या झोताने वितळवी आणि पोलादावर चिलखत चढवी, ऐसे की सोलू म्हणता सुटेना. यंत्राची सरदारी कारखान्यातील कारागीर ताईंकडे. परंतु दोन दांडे खाऱ्या धुक्याच्या पेटीत कसोटीस घातले आणि दोन्ही गंजले. मग मोठ्या साहेबांचे फर्मान सुटले की, तिसऱ्यांदा हार झाल्यास यंत्र विकावे आणि ताईंची रवानगी खोकी बांधण्यास करावी.

ताईंनी भिंग लावून डाग पाहिले. दोन्ही अंगठ्याएवढे! आणि मग त्यांस स्मरले की, चिलखत चढविण्याआधी घासूनपुसून लखलखीत केलेला दांडा साहेब जातीने तपाशीत. आधी तेल चोपडलेल्या साडेतीन केसांवरून हात फिरवीत आणि मग तोच अंगठा दांड्यावरून. झोत पडताच तेलाची वाफ होई, चिलखतास सुईएवढी भोके पडत आणि गनीम आत शिरे. फितुरीवाचून किल्ला पडतो काय?

पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधावी कोणी? ताईंनी दोन दांडे मांडले.

"साहेब, हा खास तुमच्या मानाचा. फिरवा हात."

"आणि तो दुसरा?"

"तो आपला साधाच."

"मग त्याला कशाला हात लावू?" ऐसे वदून साहेबांनी मानाचा दांडा मनसोक्त कुरवाळला. मग ताईंनी दोहोंस सारखेच चिलखत चढवून पेटीत घातले, आणि दहा दिवस त्यांस घास गोड लागेना.

अकरावे दिवशी खाशांसमक्ष पेटी उघडली. साधा दांडा आरशासारखा. मानाच्या दांड्यावर तांबडा डाग, अंगठ्याएवढा, जणू राजमुद्रा! साहेबांनी दांडा पाहिला, अंगठा पाहिला आणि हात खिशात घातला.

तिसरे प्रहरी हुकूम जाहला की, यंत्र राखावे, ताईंनी जागा सोडू नये, आणि कोणा गाफील इसमाने उघड्या हाताने पोलादास शिवू नये. हा दोष साहेबांनी अहोरात्र खपून स्वतः शोधिला आहे.

येणेप्रमाणे गंजाचा मोड झाला, यंत्र ताईंकडे राहिले आणि फत्ते साहेबांच्या नावे दाखल झाली. मानाचा दांडा त्यांच्या मेजावर विराजमान आहे. साहेब त्यास नित्य कुरवाळतात. डाग वाढतो आहे. ताईंनी यंत्राच्या दाराशी हातमोजे टांगिले आहेत, सर्वांत मोठ्या मापाचे. विदित व्हावे.