कैफियत सहाव्या घराची, अर्थात जुनी रिव्हॉल्वर की नवी

श्रीकुलस्वामिनी समर्थ. घटाच्या मातीत धान्य बोटभर उगवून आले असता, नंदादीप साक्षीस ठेवून लिहिले जाते ऐसे की, मौजे कोऱ्हाळे बुद्रुक, तालुका बारामती, येथील राजमान्य राजश्री आप्पासाहेब यांनी जुनी रिव्हॉल्वर राखावी की नवी घ्यावी या मसलतीत जी मोहीम केली, तिचे वर्तमान पारावर दहा तोंडांनी दहा तऱ्हांचे सांगतात, सबब घडले तितकेच मांडावे, पदरचे मीठ घालू नये, देवीपुढे वाचायचे आहे.

शके १९४७, विश्वावसू नाम संवत्सरी, श्रावणमासी आप्पासाहेबांचे चिरंजीव रणजितराव यांची सुपारी फुटली आणि अंथुर्णेकर बापूसाहेब व्याही जाहले. बापूसाहेबांची स्वारी आली ती कमरेस नवी रिव्हॉल्वर लावून आली. आप्पासाहेबांच्या कमरेस वडिलार्जित जुनी होती. दोन्ही एकाच कारखान्याच्या, एकाच तोंडावळ्याच्या, दर वेळी अंगठ्याने घोडा मागे ओढावा, मग बोटाने चाप, तेव्हा एक गोळी सुटावी ऐशा. मग जेवणे जाहली, विडे जाहले, आणि भर बैठकीत बापूसाहेबांनी सुपारी कातरता कातरता विचारले,

"पाव्हणं, तुमच्या जुनीत पाचच बसत्यात म्हनं?"

या एका वाराने कोऱ्हाळ्याचा दरबार घायाळ जाहला. कारण बोलणे खरे होते. जुनीस गोळ्यांची घरे सहा, परंतु घोडा थेट गोळीच्या पाठीवर टेकतो, हत्यार पडले की बार उडतो, म्हणून जाणत्यांनी घोड्याखालचे सहावे घर रिकामे ठेवावे ऐसा दंडक. नवीस आत एक पोलादी पट्टी. चाप ओढल्याखेरीज ती वर येत नाही, आणि ती वर आल्याखेरीज घोड्याचा घाव गोळीस पोचत नाही, म्हणून नवीत सहाही घरे निर्धास्त भरावी.

आप्पासाहेबांस रिकामे घर हा घराण्याचा कमीपणा वाटे, आणि त्यापायी एक रण पूर्वीच होऊन गेले होते. नऊ वर्षांमागे पुतणीच्या लग्नात साहेबांनी दंडक मोडून सहाही घरे भरिली, आणि गुरुजींच्या पाया पडण्यास वाकले, तो रिव्हॉल्वर कमरेची निसटून फरशीवर पडली आणि बार उडाला, आणि मठ्ठ्याच्या पिंपास आरपार भोक पडले. माणूस कोणी दुखावले नाही. धाकटी लेक छकुली, तेव्हा पाच वर्षांची, पिंपाच्या तोटीखाली पेला धरून उभी होती. पेला मठ्ठ्याने भरला इतकेच. त्या दिवसापासून गोळ्या कपाटात कुलूपबंद जाहल्या आणि रिव्हॉल्वर रिकामीच, समारंभापुरती, कमरेस मिरवू लागली. साहेबांच्या पत्नी सौभाग्यवती विजयमालाबाई यांनी त्या समयी कोणास जाबही विचारला नाही. पिंप पुसून घेतले आणि संकष्टीसोबत प्रदोषही धरला.

असो. व्याह्यांचा टोमणा जिव्हारी लागताच आप्पासाहेबांनी फर्मान काढिले की, मार्गशीर्षात रणजितच्या वरातीस आम्ही सहा गोळ्यांनिशी निघू, पाचांनिशी निघणार नाही. मग घरात दोन पक्ष पडले. रणजितरावांनी नवीची बाजू धरली आणि मोबाइलवर परदेशी तज्ज्ञांचे व्हिडिओ दाखवून दाखवून वडिलांचे डोळे दुखविले. आप्पासाहेबांचा जीव जुनीत, कारण तीर्थरूपांनी ती स्वहस्ते दिलेली. तरी सहाव्या घराचा मोह सुटेना. परवान्यात रिव्हॉल्वरीस जागा एकच. नवी यावी तर जुनी जावी. दीड महिना खलबते जाहली, चहाची पातेली रिकामी जाहली, निकाल लागेना. बाईसाहेबांस मत पुसले असता त्या वाती वळीत म्हणाल्या की, देवीच्या मनात असंल ते हुईल. दोन्ही पक्षांनी याचा अर्थ आपापल्या बाजूने लाविला.

अखेर आश्विन शुद्ध अष्टमीस, उद्या खंडेनवमी, शस्त्रे पुजायची, पाटावर कोणती ठेवायची हे आजच ठरले पाहिजे म्हणोन स्वारी बारामतीस कूच करती जाहली. मोटारीत आप्पासाहेब, रणजितराव, आणि देवीच्या दर्शनास म्हणून निघालेल्या बाईसाहेब, मांडीवर राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा. शस्त्रांचे दुकानदार महिपतराव यांनी काउंटरवर मखमल पसरून जुनी आणि नवी शेजारी शेजारी मांडिली. नवीचा घोडा ओढिला, तो लोण्यातून सुरी यावी तैसा आला. मग जुनीचा ओढिला. येईना. रणजितरावांनी जोर केला. येईना. खुद्द आप्पासाहेबांनी दोन्ही अंगठे लाविले, कपाळी घाम आला, घोडा आपल्या जागी स्वस्थ.

महिपतरावांनी स्क्रू काढून जुनी उघडिली. आत तपकिरी चिक्की जमली होती, आणि तीतून एक मुंगी निघून मखमलीवर चालू लागली. महिपतरावांनी नाकाशी धरून वास घेतला आणि म्हणाले,

"साहेब, तेल न्हाय हे. मध हाय. तूप हाय. साखर बी हाय."

आप्पासाहेबांनी पुसले की, हे कोणाचे कृत्य. रणजितराव आईकडे पाहू लागले. बाईसाहेब डब्याचे झाकण लावीत हळूच बोलल्या,

"माझं. दर खंडेनवमीला पंचामृत घालती की मी. मध आधी चमचाभर घालत हुते, मग वाटीनं घातला."

"आन् का वं?"

"त्या दिवशी पोरगी पिंपापाशी हुती."

आप्पासाहेबांनी नवी हाती घेतली. मग घसा साफ करून म्हणाले की, नवी घेतली तर भय उरत नाही, तीस पट्टी आहे. बाईसाहेबांनी पदर सावरला आणि पूजा सगळ्याच हत्यारांची करायची असती, इतकेच म्हणाल्या. मग महिपतरावांनी, दुकानदार असूनही, सत्य सांगितले:

"साहेब, पट्टी घोड्याला अडवती. मधाला न्हाय."

रणजितरावांनी मोबाइल खिशात घातला. आप्पासाहेबांनी हुकूम दिला की, जुनी होती तैशी मिटवावी, आतले काही धुऊ नये, मुंगी बाहेरच राहू द्यावी.

दुसरे दिवशी नवमीस पाटावर कोयता, पहार, नांगराचा फाळ आणि मध्यभागी जुनी ऐशी शस्त्रे मांडिली. छकुलीबाई, आता चौदा वर्षांच्या, यांनी झेंडू वाहिला. विजयमालाबाईंनी दूध घातले, दही घातले, तूप घातले. मधाची वाटी उचलली, तो आप्पासाहेबांनी हात पुढे करून ती घेतली आणि स्वहस्ते, घोड्याच्या फटीत बेताने, शेवटच्या थेंबापर्यंत ओतली. मग साखर बाईसाहेबांनी घातली.

दसऱ्यास बापूसाहेब सोने देण्यास आले. आपट्याची पाने हाती देऊन त्यांनी कमरेकडे नजर टाकिली आणि पुसले,

"मग व्याही, किती बसवल्या?"

"पाचच," आप्पासाहेब म्हणाले. "दूध, दही, तूप, मध, साखर."

बापूसाहेबांस उत्तर उमगले नाही, तरी ते हसले. आत विजयमालाबाई नवरात्राचा उपवास सोडीत होत्या, त्यांचा घास क्षणभर हातात थांबला आणि मग तोंडात गेला.

येणेप्रमाणे नऊ वर्षे चाललेली मोहीम आश्विन शुद्ध दशमीस फत्ते पावली. बार एकही उडाला नाही. वरातीस जुनी कमरेस असावी, मठ्ठ्याचे पिंप जवळच ठेवावे आणि लेकराबाळांनी खुशाल पेले भरावे, ऐसा ठराव जाहला. हे वर्तमान देवीपुढे वाचून दाखविले आहे.