झुंबरबाईंची लाल गाडी

"गाडी ही चालवायची वस्तू आहे! झाकून ठेवायला ती काय पितळेची समई आहे?"

जळगावातल्या एका पाइप कारखान्याच्या कँटीनमध्ये फोरमन हितेंद्र बोंडे हे वाक्य दिवसातून तीनदा ऐकवायचा. ऐकणारेही निमूट ऐकायचे, कारण गाडीच तशी होती. अडुसष्ट सालची, विलायती, दोन सीटची, टप उघडणारी, लालभडक स्पोर्ट्स कार! भुसावळच्या एका जुन्या बंगल्यामागे ती वीस वर्षं पडून होती आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या. हितेंद्रने ती भंगारातून उचलली, पुना मिस्त्रीला हाताशी धरून सहा वर्षं ठोकली, घासली, रंगवली. ज्या दिवशी ती पहिल्यांदा गुरगुरली, त्याच आठवड्यात त्याने घरची साधी गाडी विकून टाकली. आता कारखान्यात हीच, भाजीला हीच, दळणालाही हीच!

बायको दिपमाला मात्र या गाडीत बसताना देवाचं नाव घ्यायची आणि उतरताना दोनदा घ्यायची.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी रावेरला दिपमालाच्या भाच्याकडे, स्वप्नीलकडे, मुलीकडची मंडळी बाराला येणार होती. दिपमाला आदल्या दिवशीच तयारीला गेली. रावेरलाच राहणाऱ्या तिच्या आई झुंबरबाई महिनाभर लेकीकडे जळगावात मुक्कामाला होत्या, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढायला. डॉक्टरांनी आता सगळं ठीक असल्याचं सांगून, उन्हात काळा गॉगल लावा, एवढंच बजावलं होतं. घरातलं सर्वांत मोठं माणूस त्याच. त्यांच्याशिवाय बोलणीच सुरू होणार नव्हती.

"आईला ट्रेनने आणा," दिपमालाने फोनवर तिसऱ्यांदा सांगितलं.

"दीड तासात दारात उभं करतो!" हितेंद्र म्हणाला.

सकाळी साडेनऊला झुंबरबाई गाडीत बसल्या. बसल्या कसल्या, पाटावर बसावं तशा सरळ जमिनीलगत गेल्या. "बापा! हे तं खालीच बसल्यासारखं झालं!" डोक्यावर पदर, नाकात नथ, डोळ्यांवर भलामोठा काळा गॉगल आणि मांडीवर लाडवांचा डबा. पहिल्याच सिग्नलला चौकातले सगळे वळून बघायला लागले. सिग्नल हिरवा झाला तरी कुणी हलेना! हवालदाराने स्वतः शिट्टी मारून त्यांना वाट करून दिली आणि मग हळूच मोबाइल काढून फोटो घेतला.

भुसावळ मागे पडलं, तापीचा पूल ओलांडला आणि रस्ता मोकळा झाला. दोन्हीकडे केळीच्या बागा, डोक्यावर नुसतं आभाळ! झुंबरबाईंनी लाडवांचा डबा घट्ट धरला होता. हितेंद्रला वाटलं, घाबरल्या.

"जवाईबापू, तो डोंगर कोनता?"

"सातपुडा, आई."

"एवढ्या जवय?" त्यांनी गॉगल कपाळावर सरकवला. "मले तं वाटे तो नेहमी धुवारीतच राह्यते. त्याच्यावरची झाडं दिसून राह्यली हो! एकेक झाड!"

सत्तर वर्षं त्या डोंगराखाली राहिलेली बाई लहान मुलीसारखी तोंड उघडं टाकून बघत होती. हितेंद्रने इतकी वर्षं गाडीकडे बघणारे लोक पाहिले होते. गाडीतून असं बघणारं माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिलं. त्याने गाडी थोडी हळू केली.

"अजून जोरात घ्या!" सासूबाई ओरडल्या.

जावयाने सासूची आज्ञा पाळली आणि सावद्याच्या पुढे बॉनेटखालून चुलीसारखा धूर निघाला!

हितेंद्रने बॉनेट उघडलं, हात काळे केले, तोंड काळं केलं, पुनाला फोन लावला.

"पंख्याचा पट्टा तुटला भो," पुना शांतपणे म्हणाला. "तो इकडी कुठीच मिळत नाही. विलायतेहून मागवतो. तीन आठवडे धरा."

तोवर बागेतले, रस्त्यावरचे, केळीच्या ट्रकवरचे मिळून पन्नासेक माणसं जमली होती. धूर, बॉनेट, हितेंद्र, यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे गॉगलवाल्या बाईंकडे बघत होते.

"कोन हाये?" एकाने हळूच विचारलं.

"मोठी असामी दिसते. केळीचा कारखाना टाकणार म्हनतात."

कोण म्हणतात ते कुणालाच माहीत नव्हतं. पण पाच मिनिटांत खुर्ची आली, चहा आला, केळीचा घड आला. एका गृहस्थाने मुलाच्या नोकरीचं विचारलं.

"पाहू," झुंबरबाई भारदस्तपणे म्हणाल्या आणि त्याला एक लाडू दिला.

घड्याळात पावणेबारा! शेवटी भूपेंद्र नावाच्या ट्रॅक्टरवाल्याला दया आली. केळीची ट्रॉली जोडलेलीच होती, तिच्यामागे त्याने दोर बांधून गाडी जुंपली. पुढे ट्रॅक्टर, मग केळी, मग लाल गाडी, तिच्यामागे कौतुकाने आलेल्या अकरा मोटरसायकली! बैलपोळ्यालाही रावेरात एवढी मिरवणूक निघत नसेल. हितेंद्र शरमेने स्टिअरिंगच्या आत शिरत होता आणि सासूबाई दोन्ही बाजूंना हात हलवत होत्या.

मुलीकडची मंडळी येऊन अर्धा तास झाला होता. आवाज ऐकून सगळे अंगणात धावले. मुलीचे वडील लीलाधरभाऊ केळीचे मोठे बागायतदार, कशाने हरखणारा माणूस नव्हे. तेही चप्पल काढून गाडीभोवती एक फेरी मारून आले.

"अक्का, ही गाडी कोनाची?"

"माहीच!" झुंबरबाई म्हणाल्या.

हितेंद्रने तोंड उघडलं. दिपमालाने त्याला मागे ओढलं आणि कानात सांगितलं, "ते बघा कसे खुलले आहेत. आता जरा वेळ ड्रायव्हरच राहा. आणि तोंड धुवा आधी."

लीलाधरभाऊ खरोखरच खुलले होते. "ज्या घरची आजी या वयात अशी फिरते, त्या घरात माही मेघा हासतच राहीन," ते म्हणाले आणि उभ्याउभ्याच साखर वाटली! मेघा स्वप्नीलकडे बघत होती आणि स्वप्नील गाडीकडे. तिने कोपराने ढोसलं तेव्हा कुठे त्याने मान वळवली.

घरात जेवणाच्या पंगती बसल्या. हितेंद्रचं ताट मागच्या ओसरीवर आलं, भूपेंद्रच्या शेजारी. "ड्रायव्हरलोकांना भरपूर वाढा!" लीलाधरभाऊंनी आतून आवाज दिला. वांग्याचं भरीत फक्कड होतं. हितेंद्रने दोनदा घेतलं आणि मुकाट्याने गिळलं.

हितेंद्र हात धूत होता, तेवढ्यात झुंबरबाई स्वतः ओसरीवर आल्या. गॉगल पदराने पुसत त्या म्हणाल्या, "जवाईबापू, उद्या सातपुड्यातल्या मनुदेवीले जाऊ. मले तो डोंगर जवयून पाहनं हाये. गाडीतूनच!"

पट्टा, विलायत, तीन आठवडे... हितेंद्रच्या ओठांवर सगळं आलं. पण ते निवळलेले डोळे बघून त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "हो आई."

सासूबाई आत गेल्या. भूपेंद्रने खरकटं ताट बाजूला सरकवलं, ढेकर दिला आणि आदबीने विचारलं,

"भो, मंग सकायी ट्रॅक्टर किती वाजता आनू?"