आखूड गिटारची सुधारणा

बाळासो चौगुल्यांच्या घरात आलेली वस्तू कंपनीनं पाठवली तशी कधी राहिली नाही. मिक्सर आला, त्याला आठवड्याभरात दुसरीच मोटार बसली, आणि तेव्हापासून घरात चटणी वाटायला घेतली की शेजारची माणसं दारात येऊन बघायची. पंख्याची गती वाढली, ती इतकी की त्याखाली पेपर वाचायचा तर पेपरावर बसावं लागे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात स्वतःचं लेथ मशीन असलेल्या माणसाला ही खोड लागतेच. देवानं आणि कंपनीनं जे काही केलंय ते जरा कमी मजबूत केलंय आणि राहिलेलं काम आपल्याकडं आलंय, असं त्याला मनापासून वाटत असतं.

"अवो, ह्या घरात मी एकटीच कंपनीच्या मापात राहिलीया," त्यांची बायको म्हणायची. "तेबी तुमचं लक्ष न्हाय म्हणून."

अशा घरात अनुजानं गिटार आणली. पोरीची चूक म्हणायची तर एवढीच. कॉलेज सांभाळून गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घेऊन तिनं ती जुन्या बाजारातून घेतली होती. लाल रंगाची, चार जाड तारांची बेस गिटार. शेजारच्या मुस्कानच्या गाण्याला साथ म्हणून वाजवायची, आणि दोघींचा पहिला कार्यक्रम पेठेतल्या तालमीच्या वर्धापनदिनाला ठरला होता. अनुजा त्या गिटारला झोपताना उशाशी घेत नव्हती एवढंच.

बाळासोंनी गिटार बघितली आणि त्यांचा चेहरा पडला.

"एवढीच?"

"आखूड मापाची असती पप्पा. मुद्दाम घेतलीया."

त्यातलं 'मुद्दाम' बाळासोंच्या कानापर्यंत पोचलंच नाही. 'आखूड' मात्र काळजात जाऊन बसलं. मोबाईलवर त्यांनी बेस गिटारी बघितल्या. सगळ्या कशा लांबलचक, उसाच्या कांड्यागत. आणि आपल्या पोरीची? कोल्हापूरचा माणूस एकवेळ उपाशी झोपेल, पण आपल्याकडं काही कमी पडलं असं चारचौघांना दिसू देणार नाही. भर तालमीसमोर कुणी म्हणालं, 'चौगुल्याच्या पोरीला पुरी गिटार न्हाय मिळाली व्हय?' तर?

आत्याकडं बारसं निघालं आणि अनुजा गडहिंग्लजला गेली. कार्यक्रमादिवशी दुपारच्या एसटीनं परत येणार होती. जाताना तिनं गिटार कव्हरात घातली, चेन लावली आणि बापाकडं टक लावून म्हणाली, "कुणी हात लावू नका."

"मी कशाला लावतोय?" बाळासो म्हणाले. रिक्षा कोपऱ्यावरून वळेपर्यंत ते शब्दाला जागले.

बाळासोंच्या वर्कशॉपच्या शेजारी मुस्कानच्या वडलांचं, अमीनचं, मोटार वायंडिंगचं दुकान. अमीन एकेकाळी ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचा. ऑर्केस्ट्रा बंद पडला, गिटारची दांडी मोडली, आणि तिचं मोठं धूड दुकानात खिळ्याला लटकत होतं.

"त्याचं सामान दे," बाळासो म्हणाले. "पोरीच्या गिटारला बसवतो."

"ने की. घोडी, खुंट्या, पिकअप, सगळं अस्सल हाय. पर लेका, पोरीला इचारलंस काय?"

"इचारायचं काय त्यात? सरप्राईज हाय!"

अमीनला गिऱ्हाईक आलं, तो मोटारीत डोकं घालून बसला, आणि तिथंच घोटाळा झाला. कारण बाळासोंना लोखंडातलं सगळं कळत होतं आणि सुरातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं.

तारा जिच्यावर टेकतात ती घोडी. अमीनच्या गिटारची घोडी भक्कम होती, पितळी. बाळासोंनी व्हर्निअर लावून मोठ्या गिटारवर ती दांडीच्या बुडापासून किती लांब बसली होती ते माप घेतलं आणि लहान गिटारवर बरोबर तेवढ्याच अंतरावर, म्हणजे जुन्या जागेपेक्षा चांगली मागं, ठोकली. कंपनीवर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विश्वास ठेवला, तो चुकीच्या गिटारच्या कंपनीवर. घोडी हलू नये म्हणून खाली पोलादी पट्टी घातली, आरपार बोल्ट मारले. जुन्या घोडीची जागा रिकामी दिसत होती, तिथं लाकूड कोरून तारांचा आवाज उचलणारा मोठा पिकअप बसवला. मग खुंट्या. त्या जाड होत्या, भोकं बारकी. ड्रिल मशीन होतंच. लाकूड जरा उललं, म्हणून मागून तिथंही पट्टी मारली.

पट्टा गळ्यात घालून त्यांनी गिटार उभी धरली, तर डोकं जड झाल्यामुळं दांडी सरळ जमिनीकडं गेली. आता एका बाजूला वजन वाढलं तर दुसऱ्या बाजूला वाढवायचं, हे उद्यमनगरातलं शेंबडं पोरगंबी सांगेल. बाळासोंनी शेपटाकडं बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक तुकडा बसवला. गिटार एकदम तोल सांभाळून राहिली. फक्त बाळासो वाकले.

शेवटी नेहमीच्या सवयीनं घोडीखालच्या पोलादी पट्टीवर त्यांनी ठोकून अक्षरं उठवली, 'चौगुले इंजिनिअरिंग वर्क्स, उद्यमनगर'. नवीन लांब तारा चढवल्या, त्यांची उरलेली टोकं कापली, एक तार छेडली. घुमारा असा निघाला की रॅकवरचे नट हलले.

"ब्येस!" बाळासो एकटेच म्हणाले.

तेवढ्यात अनुजाचा फोन आला.

"पप्पा, मुस्कान म्हणाली गिटार वर्कशॉपमधी दिसली."

"ते... ऊन द्यायला आणलीया."

"गिटारला ऊन?"

"पापडाला न्हाय का देत? दमट हवा हाय. तू बारसं बघ."

फोन ठेवला तेव्हा त्यांच्या कपाळाला घाम आला होता. तरी सरप्राईज आहे, खोटं नव्हे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. अमीन काम उरकून आला तोपर्यंत ती समजूत टिकली.

अमीननं गिटार मांडीवर घेतली. "आई गं," तो म्हणाला. ते मांडीसाठी होतं. मग त्यानं मोकळी तार छेडली आणि मान डोलावली. पुढं बोट दाबून छेडली आणि मान डोलवायची थांबली. अजून एक पट्टी पुढं दाबली. दात किडल्यावर गार पाणी लागावं तसं त्याचं तोंड झालं.

"बाळासो, दांडीवरच्या पट्ट्या आखूड मापानं ठोकल्यात. घोडी तू लांब मापानं बसवलीस. बोट ठेवशील तितं बेसूर हाय."

"मग मागची घोडी पुढं घ्यू की!"

"घे की. सोड बोल्ट."

"बोल्टाला... वर वेल्डिंग मारलंय."

"गिटारला वेल्डिंग?"

"हालू नये म्हणून."

"आणि जुनी घोडी हुती ती जागा?"

"तितं आता भोक हाय."

अमीननं गिटार हळूच बाकावर ठेवली, आजारी माणसाला ठेवावं तशी. लाज नावाची गोष्ट बाळासोंना माहीत होती, पण ती अशी पोटातून वर चढते आणि कानाच्या पाळ्या तापवते, हे त्या दिवशी कळलं. मशीनवर काम बिघडलं तर लोखंड वाया जातं, दुसरं आणता येतं. पोरीनं फळ्यावर खडू झिजवून घेतलेली वस्तू होती ती. आणि पोरगी काय म्हणाली होती? हात लावू नका. एवढं एकच म्हणाली होती.

घरी बायकोनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि सगळं ओळखलं.

"झाली सुधारणा?"

"झाली."

"आता तिला तुम्हीच सांगा. मी मधी पडणार न्हाय."

सांगायचं ठरवून बाळासो दुपारी स्टँडवर गेले. अनुजा हसत एसटीतून उतरली. आत्यानं दिलेली बारशाची घुगरी तिनं बापाच्या हातावर ठेवली. रस्ताभर ते घुगरी खात राहिले. घरी आल्यावर तिनं कव्हराला हात घालून उचललं. कव्हर जागचं हललं नाही.

"ह्यात काय भरलंय?"

"अनुजा, जरा पाणी पी आदुगर."

तिनं चेन उघडली. आता ओरडेल, आता आदळआपट करेल, म्हणून बाळासो तयारच राहिले. चौगुल्यांच्या घरात भांडण म्हणजे शेवटच्या बसथांब्यापर्यंत ऐकू जायचं, आणि तसं झालं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं. पण गिटार मांडीवर घेऊन तिनं एकेक पट्टी दाबून बघितली, शेवटपर्यंत.

"पेठ वडगावात एकाजवळ बेस हाय म्हणं," बाळासो घाईघाईनं म्हणाले. "आत्ता गाडी काढतो, आणतो. चांगली पुरी, मोठी हाय."

"मोठी मला वाजवायला येत न्हाय पप्पा. माझी बोटं पुरत न्हाईत." तिनं आपला पंजा पसरून दाखवला. "म्हणून तर आखूड घेतलीती."

बाळासोंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा पंजा त्यांनी लहानपणी हातात धरून शाळेत नेला होता, आणि त्याचं माप मात्र कधी घेतलं नव्हतं. त्यांना म्हणायचं होतं, पोरी, चुकलो. तोंडातून निघालं, "बिडाचा तुकडा तरी काढू काय?"

"काढा," अनुजा म्हणाली. त्याचेही बोल्ट वेल्ड केलेले निघाले.

शेवटी अमीननं आणि मुस्काननं तोड काढली. बोट दाबलं की बेसूर, पण मोकळ्या तारा सुरात आहेत ना? मग गाण्याला लागतात ते चार सूर चार तारांना लावायचे. दाबायचं म्हणून कुठं नाही. अनुजा मुकाट्यानं तेवढ्याचीच तयारी करत बसली. महिनाभर बसवलेल्या तिच्या हरकती, ताना सगळ्या गेल्या. बाळासो दाराआडून ऐकत होते आणि प्रत्येक मोकळ्या तारेला मान खाली घालत होते.

संध्याकाळी तालमीसमोर मांडव भरला. अनुजाला ती गिटार घेऊन उभं राहता येईना, म्हणून प्लॅस्टिकची खुर्ची आणली. वजनानं खुर्चीचे पाय जरा फाकले. बाळासो पार मागं, जनरेटरच्या बाजूला, अंधारात उभे राहिले. मुस्कान गायली. तिच्याखाली अनुजानं चारच सूर धरले, धिमे, खोल, आणि बिडाच्या कृपेनं असे घुमले की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी छातीवर हात ठेवला. गाणं संपलं आणि मांडवानं शिट्ट्यांनी डोकं उठवलं. बाळासोंचा जीव भांड्यात पडला. आता गुपचूप घरी जायचं, असं ठरवून ते वळले.

पण तालमीचे अध्यक्ष होते सयाजीराव. सयाजीरावांच्या कार्यक्रमातून सत्कार न होता घरी गेलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. मांडववाल्याचा झाला होता, जनरेटरवाल्याचा झाला होता, आणि तरी तीन फेटे उरले होते. ते माईक घेऊन गिटारजवळ आले आणि वाकून पट्टीवरची अक्षरं वाचू लागले.

"पोरी, ही गिटार कुठल्या कंपनीची?"

अनुजानं मांडवाच्या शेवटापर्यंत नजर नेली. अंधारात नेमका बाप शोधला.

"आमच्या पप्पांच्या," ती म्हणाली.

"ऐका मंडळी!" सयाजीराव गरजले. "आपल्या उद्यमनगरात, आपल्या लेथवर तयार झालेली गिटार! कुठं हायत बाळासो? वर आणा त्यांना!"

बाळासो पळणार होते, पण कोल्हापुरात सत्कारापासून पळणाऱ्याला लोक उचलून आणतात. त्यांना उचललं. डोक्यावर फेटा चढला, खांद्यावर शाल, हातात नारळ, गळ्यात हार. समोर माईक आला.

"मी काय बी केल्यालं न्हाय," बाळासो म्हणाले.

टाळ्या.

"खरंच सांगतो. चांगली गिटार हुती, मी बिघडवली."

मांडव खदखदून हसला. "बघा, किती साधा माणूस!" सयाजीराव म्हणाले.

"पोरीनं हात लावू नका म्हणून सांगितलं हुतं वो!" बाळासोंचा आवाज फाटला. डोळ्यात खरंच पाणी आलं होतं. "तिला इचारलं न्हाय मी. माझं चुकलं." टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. पुढच्या रांगेतली बाई पदरानं डोळे पुसू लागली. भरल्या मांडवात माणूस लाजेनं मरतोय आणि कुणी मरूही देईना, अशी गत झाली.

खाली उतरताच त्यांनी फेट्याला हात घातला.

"राहू दे," मागून अनुजा म्हणाली. दुपारपासून ती पहिल्यांदाच आपण होऊन बोलत होती. "हार पण राहू दे. असंच घरला जायचं."

"अगं, वाटंत लोकं इचारतील."

"इचारू देत. मग सांगायचं. वर सांगितलासा तसं न्हाय. पयल्यापासनं, आखूड कशाला घेतलीती तितनं."

"समद्यांस्नी?"

"जो इचारंल त्याला."

स्कूटर तिनं चालवली. मागं बाळासो बसले, डोक्यावर फेटा, गळ्यात हार, मांडीवर आडवी गिटार. गिटारच्या वजनानं स्कूटरचं पुढचं चाक जमिनीला जेमतेम टेकत होतं. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशींच्या भोवती धारोष्ण दूध प्यायला नेहमीची गर्दी होती. बाळासोंनी मान खाली घातली. पण फेटा कुठं लपवणार?

"वो बाळासो!" कुणीतरी हाळी दिलीच. "जोरात हाय की! कशाचा सत्कार?"

"काय न्हाय, असंच आपलं, तालमीचं..."

अनुजानं स्कूटर बाजूला घेतली, स्टँडवर लावली आणि चावी काढून घेतली. माणसं ग्लास हातात घेऊन भोवती जमली.

"काका, एक ग्लास मला द्या," ती दूधवाल्याला म्हणाली. "पप्पांना जरा वेळ लागंल."