ग्योंगजूचे मोरे

मोरे काकांना कुणी मूळ गाव विचारलं, की ते अजिबात न अडखळता सांगतात, "ग्योंगजू."

ग्योंगजू हे कोरियातलं एक जुनं शहर आहे. मोरे काका विदर्भातले. ग्योंगजूत ते आयुष्यात एकदाच गेले, तेही एका दिवसासाठी. कंपनीने त्यांना कुठल्याशा कारखान्यातली यंत्रं तपासायला कोरियात पाठवलं होतं. मधल्या एका सुट्टीच्या दिवशी ते बस पकडून त्या शहरात गेले, भाड्याची सायकल घेतली आणि संध्याकाळपर्यंत भटकले. दिवस पानगळीचे होते. त्या दिवसाला आता बरीच वर्षं झाली, पण काका अजून त्या सायकलवरून उतरलेले नाहीत.

मी त्यांच्या न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहतो आणि युनिव्हर्सिटीत शिकतो. काका एकटे, लग्न केलेलं नाही. रोज टाय लावून, पँटला क्लिपा अडकवून सायकलवरून ऑफिसला जातात. सुरुवातीला गोरे लोक गाडी थांबवून विचारायचे, कार बंद पडली का? आपले लोक थांबत नाहीत. ते काच वर करतात. अमेरिकेत येऊन सायकल चालवणारा मराठी माणूस त्यांना स्वतःच्या गाडीवर ओरखडा पडल्यासारखा वाटतो.

काकांना त्याचं काही नाही. "घंटी वाजवा नि पुढे व्हा," हे त्यांचं उत्तर. बॉस ओरडला, बर्फ पडला, इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात बसायला खुर्ची मिळाली नाही, सगळ्यावर हाच उपाय. ऑक्टोबरमध्ये मेपल लाल झाले की अख्खं न्यू जर्सी कॅमेरे घेऊन बाहेर पडतं. काका मान हलवतात. "हे ठीक आहे. पण तिथल्या गिंकोच्या झाडांचं पिवळं बघितलंय का तुम्ही? रस्त्यावर हळद सांडावी तसं!"

आता त्या मूळ गावाच्या प्रश्नाबद्दल. तो काही भूगोलाचा प्रश्न नसतो. मंडळात नवा माणूस आला की पहिलं विचारतात आडनाव. मोरे म्हटल्यावर समाधान होत नाही, कारण मोरे सगळ्यांत असतात. मग "मोरे म्हणजे कुठले मोरे?" मग गाव, मग गावातला भाग, मग "देव कुठला तुमचा?" एमएस आणि पीएचडी केलेली ही माणसं समुद्र ओलांडून आली, पण चाळणी सामानात घेऊन आली. काकांनी त्या चाळणीत कोरियातलं शहर टाकलं आणि चाळणी तुंबली. पण न सांगणं हेसुद्धा सांगणंच असतं. लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

त्याचा परिणाम पॉटलकला दिसायचा. प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ करून आणायचा, असा मंडळाचा रिवाज. काकांनी पहिल्यांदा वांग्याची भाजी नेली. मंडळाच्या नाडकर्णी काकू म्हणाल्या, "अय्या, माझा आज उपास." बाकीच्यांनीही ते भांडं वळसा घालून पार केलं. पुढच्या वेळी काकांनी साबुदाण्याची खिचडी नेली. काकू म्हणाल्या, "मीठ साधं असेल ना? मला उपासाला चालत नाही." काकांनी पार न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्सला, देशी दुकानात जाऊन सैंधव आणलं. तेव्हा काकू म्हणाल्या, "आज माझा निर्जळी आहे." त्यांच्या हातात कॉफीचा कप होता.

मी घरी येऊन आदळआपट केली. "काका, त्यांना सरळ सांगा ना! जात सांगा, गाव सांगा, आणि विचारा की आता खाता की नाही! एक पत्रक काढतो मी, गणपतीच्या आरतीत वाटतो."

"वाट," काका म्हणाले. "पण त्या पत्रक वाचतील की खिचडी खातील?"

"खिचडी कशाला खायला पाहिजे त्यांनी?"

"अरे, मला त्यांना जेवायला घालायचंय," काका म्हणाले. "हरवायचं नाहीये."

दर ऑक्टोबरमध्ये एका रविवारी काका 'ग्योंगजू दर्शन' काढतात. म्हणजे कॅनॉलच्या काठाने सायकली, आणि मग त्यांच्या घरी जेवण. लोकांच्या गराज सेलमधून आणलेल्या पाच-सहा जुन्या सायकली ते आठवडाभर तेल घालून, हवा भरून तयार ठेवतात. सगळे म्हणतात, "नक्की येतो!" आणि शनिवारी फोन येतात. मुलाचं सॉकर आहे, कॅन्सल करतोय.

यंदा मात्र नाडकर्णी पती-पत्नी खरोखर आले. डॉक्टरांनी नाडकर्णींना वजन कमी करायला सायकल सांगितली होती, आणि काकांकडची फुकट होती.

काका पुढे, हात उंचावून गाइड करत होते. गोल्फ कोर्सचा उंचवटा दिसला की, "ही राजांची थडगी! हिरव्या टेकड्यांसारखी, भर गावात!" तळं दिसलं की, "हा राजवाड्याचा तलाव!"

"यार मोरे, हे तर बदकांचं पाँड आहे," नाडकर्णी धापा टाकत म्हणाले.

"घंटी वाजवा नि पुढे व्हा!"

घरी पोचेपर्यंत नाडकर्णींचा चेहरा मेपलसारखा झाला होता. टेबलावर खिचडी, काकडीची कोशिंबीर, रताळ्याचा कीस. सगळं उपासाचं. काकूंनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "अहो मोरे, उगाच केलंत. माझं आज पोटच बरं नाही." नाडकर्णींनी खिचडीच्या डावाकडे नेलेला हात बायकोकडे बघून मागे घेतला.

मी तोंड उघडलं. काकांनी टेबलाखालून माझा पाय दाबला.

"पण काय हो," काकू विषय बदलत म्हणाल्या, "एक दिवस गेलात तुम्ही. त्या गावात एवढं आहे तरी काय?"

काका नेहमी थडगी सांगतात, देऊळ सांगतात, पिवळी पानं सांगतात. त्या दिवशी त्यांनी त्यातलं काहीच सांगितलं नाही.

"सायकलवाली बाई होती, वहिनी. दुपारी सायकलची चेन तुटली म्हणून परत गेलो. ती जेवत होती. तिने खुणेनेच विचारलं, कुठला? मी म्हटलं, इंडिया. तिला तेवढं पुरलं. हाताला धरून आत बसवलं. जमीन खालून तापवलेली, उबदार. माझ्यापुढे भात ठेवला. आणि जेवता जेवता स्वतःच्या काड्यांनी तिच्या वाटीतलं कोबीचं लोणचं उचललं नि माझ्या भातावर ठेवलं." काकांनी दोन बोटांच्या काड्या करून दाखवल्या. "उष्टं. आपल्याकडे आईच देते तसं. मी पस्तीस वर्षांचा बाप्या, आणि लहान पोरासारखा वाटी चाटूनपुसून जेवलो."

काकू टेबलक्लॉथची घडी बोटाने सरळ करत होत्या. मग कुणाकडेही न बघता त्या म्हणाल्या, "थोडीशी द्या. चमचाभर."

नाडकर्णींनी ताबडतोब स्वतःची प्लेट पुढे केली.

"गार झाली असेल," काका म्हणाले आणि भांडं उचलून किचनमध्ये गेले. परत येईनात. म्हणून मी आत गेलो. ते शेगडीपुढे उभे राहून खिचडी ढवळत होते, नुसते ढवळत होते. मला बघून त्यांनी चमचा पुढे केला.

"मीठ बघ रे जरा," ते हळूच म्हणाले. "तुझं सोड, तू घरचा. पण बाहेरच्या कुणी आजवर खाल्लीच नाही, तर बरी होते का ते कळणार कसं?"

मी चाखली. ढवळून ढवळून खिचडीचा पार गोळा झाला होता.

"एक नंबर," मी म्हटलं. "न्या लवकर."